मेंदूतील रक्तप्रवाह दाखविणारे डॉ. एगास मोनीझ

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे तोंड अचानक वाकडे झाले, बोलणे अडखळू लागले, एक हात लुळा पडला, तर आज आपण त्यांना तातडीने रुग्णालयात नेतो. तेथे काही मिनिटांत डोक्याचा सीटी स्कॅन होतो. मेंदूत रक्तस्राव झाला आहे की धमनीत गुठळी अडकली आहे, हे त्यावरून डॉक्टरांना ठरविता येते. बाहेरून दोन्ही विकार सारखेच दिसू शकतात; उपचार मात्र एकमेकांच्या उलट असतात. गुठळी विरघळविणारे औषध एका रुग्णाला तारते, तेच दुसऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून आधी पाहायचे आणि मगच हात लावायचा, हा आजच्या मेंदूविकारशास्त्राचा पहिला नियम आहे.

शंभर वर्षांपूर्वी हे पाहणेच शक्य नव्हते. जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्यांचे चित्र घेण्याची रीत ज्यांनी प्रथम सिद्ध केली, ते पोर्तुगालचे डॉ. एगास मोनीझ. त्यांचे चरित्र स्फूर्ती देणारे आहे आणि सावध करणारेही आहे. त्यातील एकच बाजू सांगितली, तर ते अर्धवट राहील. म्हणून येथे दोन्ही बाजू मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मोनीझ यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८७४ रोजी उत्तर पोर्तुगालमधील आवांका या गावी एका जुन्या जमीनदार घराण्यात झाला. घराण्याचे मूळ नाव वेगळे होते. परंतु धर्मगुरू असलेल्या त्यांच्या काकांची अशी श्रद्धा होती, की आपला वंश बाराव्या शतकातील एगास मोनीझ या पोर्तुगीज वीरापर्यंत पोहोचतो. म्हणून बाळाला तेच नाव देण्यात आले. त्या वीराविषयी पोर्तुगालमध्ये एक आख्यायिका सांगितली जाते. आपल्या राजपुत्राच्या वतीने त्याने शत्रुपक्षाच्या राजाला शब्द दिला होता. राजपुत्राने तो पाळला नाही, तेव्हा हा वीर बायकामुलांसह, गळ्यात दोर अडकवून त्या राजापुढे उभा राहिला आणि मोडलेल्या शब्दाची शिक्षा त्याने मागून घेतली. लहानपणापासून हे नाव वागविणाऱ्या मुलाने ही कथा अनेकदा ऐकली असणार.

कोइंब्रा येथील प्राचीन विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले. पुढे फ्रान्समध्ये बोर्दो आणि पॅरिस येथे त्या काळच्या नामांकित मज्जासंस्थातज्ज्ञांच्या हाताखाली ते शिकले. पॅरिसमधील बाबिन्स्की आणि सिकार या गुरुजनांशी त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. १९११ मध्ये लिस्बन येथे मज्जासंस्थेच्या विकारांसाठी नवे अध्यासन निर्माण झाले आणि त्यावर त्यांची नेमणूक झाली. मात्र तारुण्यातच त्यांना वातरक्ताने गाठले होते. हातांचे सांधे सुजून वाकडे झाले. ज्या क्षेत्रात बोटांच्या कौशल्याला एवढी किंमत, तेथे स्वतःच्या हातांनी शस्त्रक्रिया करणे त्यांना कधीच शक्य झाले नाही. त्यांच्या कल्पना प्रत्यक्षात उतरविल्या त्या पेद्रो आल्मैदा लिमा या तरुण सहकाऱ्याच्या हातांनी.

आयुष्याची जवळजवळ दोन दशके त्यांनी राजकारणालाही दिली. १९०३ पासून ते संसदेचे सदस्य होते. राजेशाहीविरोधी भूमिकेपायी त्यांना काही काळ तुरुंगवासही घडला. पोर्तुगाल प्रजासत्ताक झाल्यावर ते स्पेनमध्ये देशाचे राजदूत झाले, १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेत त्यांनी पोर्तुगालच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व केले. त्यानंतर मात्र राजकारणाला रामराम ठोकून ते पुन्हा रुग्णालयाकडे वळले. तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीसच्या घरात होते. ज्या कार्यामुळे जग त्यांना ओळखते, त्याचा प्रारंभ अजून व्हावयाचा होता.

आपल्या प्रदेशाशी त्यांचा एक धागा जुळतो, तो याच काळातला. गोव्यातील बार्देश तालुक्यात कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेल्या आबे फारिया यांचे चरित्र मोनीझ यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केले. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ निजलेल्या स्त्रीवर हात पसरून उभा असलेला पुतळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तेच हे फारिया. संमोहनाची निद्रा संमोहन करणाऱ्याच्या अंगातील गूढ चुंबकशक्तीने येत नाही, ती ज्याला निद्रा येते त्याच्याच मनातून उपजते, असे या गोमंतकीयाने पॅरिसमध्ये सांगितले. त्यापायी त्यांना चेष्टा सहन करावी लागली आणि १८१९ मध्ये ते निवर्तले. विस्मृतीत गेलेल्या या माणसाला इतिहासात त्याची जागा मिळावी, म्हणून मोनीझ यांनी लेखणी उचलली होती.

त्या वेळी मेंदूच्या रोगाचे निदान कसे होत असे, हे समजून घेतले म्हणजे मोनीझ यांच्या कामाचे मोल कळते. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला होता. पण क्ष-किरणांना हाड अडविते; मऊ मेंदू, त्यातील रक्त आणि त्यात वाढलेली गाठ यांतून ते जवळजवळ सारखेच आरपार जातात. त्यामुळे डोक्याच्या क्ष-किरण चित्रात कवटी स्पष्ट दिसे आणि कवटीच्या आत काहीच दिसत नसे. रुग्णाची दृष्टी, चाल, स्नायूंची ताकद, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय किती उडतो, यांवरून गाठ कोठे असावी याचा तर्क करावा लागे. तर्क चुकला, तर कवटी नको त्या जागी उघडली जाई.

१९१८ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी एक मार्ग काढला. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. कवटीला छिद्रे पाडून त्यांतील थोडा द्रव काढायचा आणि त्या जागी हवा भरायची. क्ष-किरण चित्रात हवा वेगळी उमटते. पोकळी दबलेली किंवा सरकलेली दिसली, की गाठीचा अंदाज येतो. ही पद्धत उपयुक्त होती, पण रुग्णासाठी अतिशय त्रासदायक आणि धोक्याचीही होती. पॅरिसमध्ये सिकार यांनी आयोडीनयुक्त तेल कण्याच्या पोकळीत सोडून मज्जारज्जूवर कोठे दाब आला आहे, हे चित्रात दाखविले. तेल ज्या ठिकाणी अडे, तेथे विकार. कण्याला जे साधले, ते मेंदूला का साधू नये, हा प्रश्न मोनीझ यांच्या मनात घोळू लागला.

त्यांचा विचार सरळ होता. मेंदूत सर्वत्र धमन्यांचे जाळे आहे. क्ष-किरण ज्यातून जाऊ शकत नाहीत असे द्रव्य मानेतील धमनीतून रक्तात सोडले आणि ते मेंदूतून वाहत असतानाच चित्र घेतले, तर ते जाळे उमटेल. ओढ्याच्या वाटेत मोठा धोंडा आला, की प्रवाह वळसा घेतो. तसेच मेंदूत गाठ असेल, तर धमन्या आपल्या नेहमीच्या जागेवरून ढकललेल्या दिसतील. विचार सरळ असला, तरी तो अमलात आणणे कठीण होते. द्रव्य चित्रात उमटण्याइतके दाट हवे, मेंदूला इजा न करण्याइतके सौम्य हवे आणि लघवीवाटे शरीराबाहेर जाणारे हवे. शिवाय रक्त मेंदूतून काही सेकंदांतच पुढे जाते. चित्र त्या क्षणीच घ्यावे लागते.

१९२६ मध्ये काम सुरू झाले. निरनिराळ्या क्षारांची द्रावणे प्रथम काचेच्या नळ्यांत भरून त्यांची छाया पाहिली गेली. नंतर कुत्र्यांवर प्रयोग झाले. निरोगी धमन्यांची ठेवण कशी असते, हे कळल्याशिवाय रोगट ठेवण ओळखता येणार नाही, म्हणून मृतदेहांच्या डोक्यांतील धमन्यांत द्रावण भरून चित्रे घेण्यात आली. एवढ्या तयारीनंतर ते रुग्णांकडे वळले. सुरुवातीला स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरले गेले. चित्रे आली नाहीत किंवा अस्पष्ट आली. आणि एक रुग्ण या तपासणीनंतर दगावला.

येथे मोनीझ थांबले. त्यांनी तो मृत्यू रोगाच्या खात्यात टाकून दिला नाही. जे घडले ते नोंदविले, कारण शोधले, ब्रोमाइड सोडून दिले आणि सोडियम आयोडाइडच्या द्रावणाची नव्याने पडताळणी करून मगच पुढे पाऊल टाकले. रुग्णांवरील हे प्रयोग धोक्याचे होते आणि आजच्या नियमांत ते बसणार नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु चूक दिसताच हात आखडता घेण्याची शिस्त त्यांत होती.

२८ जून १९२७ रोजी पीयूषिका ग्रंथीची गाठ असलेल्या वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मानेतील धमनी लिमा यांनी उघडी केली, तीत आयोडाइडचे द्रावण सोडले आणि त्याच क्षणी चित्र घेतले गेले. काच धुऊन पाहिली, तेव्हा जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या तीवर फांद्यांसारख्या पसरलेल्या दिसल्या. गाठीमुळे त्या जागेवरून सरकलेल्याही दिसल्या. अवघ्या काही दिवसांत, जुलै महिन्यात, मोनीझ यांनी हे चित्र पॅरिसच्या मज्जासंस्थातज्ज्ञांच्या सभेपुढे ठेवले. बाबिन्स्की यांच्यासारख्या ज्येष्ठांनी त्याचे मनापासून स्वागत केले.

पुढील काही वर्षे लिस्बनमध्ये या कामाला बहर आला. एका चित्राने भागत नव्हते. द्रव्य आधी धमन्यांत, मग केशवाहिन्यांत आणि शेवटी शिरांत जाते. हा सारा प्रवास टिपायला हवा होता. परैरा काल्दास या सहकाऱ्याने एकामागून एक काचा भराभर पुढे सरकविणारे फिरते यंत्र बनविले. त्यामुळे रक्ताभिसरणाचे टप्पे वेगवेगळे दिसू लागले. धमनीच्या भिंतीला आलेला फुगा, धमन्या व शिरा यांचा गुंता, गुठळीने बंद झालेली मानेतील धमनी हे सारे विकार रुग्ण जिवंत असतानाच ओळखता येऊ लागले. पक्षाघाताचे मूळ पुष्कळदा मेंदूत नसून मानेतील धमनीत असते, ही जाणीव याच चित्रांनी पक्की केली. १९३१ आणि १९३४ मध्ये मोनीझ यांनी या विषयावर फ्रेंच भाषेत ग्रंथ लिहिले. त्याच लिस्बनमध्ये रेनाल्दो दुश सांतुश यांनी हीच कल्पना महाधमनीला लागू केली. आज हृदयासाठी, मूत्रपिंडासाठी, पायांसाठी जी अँजिओग्राफी होते, तिचे कूळ या कामापर्यंत जाऊन पोहोचते.

या काळातही एक घोर चूक झाली. ती केवळ मोनीझ यांची नव्हती. आयोडाइडने रुग्णाला वेदना होत, म्हणून १९३१ पासून ते थोरोट्रास्ट हे द्रव्य वापरू लागले. त्याने चित्रे फार सुंदर येत आणि रुग्णाला त्या वेळी काहीच त्रास होत नसे. जगभरच्या डॉक्टरांनी ते स्वीकारले. पण त्यातील थोरियम किरणोत्सारी होते. ते शरीराबाहेर न जाता यकृतात आणि प्लीहेत साठून राही आणि अनेक वर्षांनी कित्येक रुग्णांना त्यातून कर्करोग झाला. आज त्रास होत नाही म्हणजे उद्या होणार नाही, असे समजू नये, हा धडा वैद्यकाला फार मोठी किंमत मोजून मिळाला.

मेंदूच्या धमन्यांच्या चित्रणासाठी मोनीझ यांचे नाव नोबेल पारितोषिकाकरिता दोन वेळा सुचविले गेले. ते मिळाले नाही.

१९३५ च्या उन्हाळ्यात लंडन येथे मज्जासंस्थातज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे अमेरिकेतील फुल्टन आणि जेकबसन यांनी चिंपांझींच्या मेंदूचा पुढचा भाग काढल्यावर काय होते, याचे निष्कर्ष मांडले. त्यांतील एक चिडखोर प्राणी शस्त्रक्रियेनंतर शांत झाला होता. तीव्र मनोविकारांवर त्या काळी गुणकारी औषध नव्हते. रुग्ण वर्षानुवर्षे मनोरुग्णालयांत खितपत पडत. मोनीझ यांची अशी धारणा झाली, की मेंदूच्या पुढच्या भागातील काही चेतातंतू तोडले, तर मनाला जखडून टाकणारे विचार सुटतील. परिषदेनंतर तीनच महिन्यांत, १२ नोव्हेंबर १९३५ रोजी, त्यांच्या सांगण्यावरून लिमा यांनी एका मध्यमवयापुढील रुग्ण स्त्रीच्या कवटीला दोन छिद्रे पाडून आत अल्कोहोल सोडले. पुढे अल्कोहोलच्या जागी तार बसविलेले एक बारीक हत्यार आले. छिद्रातून ते आत घालायचे आणि फिरवून तंतू कापायचे. आत नेमके काय कापले जात आहे, हे कापणाऱ्याला दिसत नसे.

धमनीचित्रणाच्या वेळी नळ्या, प्राणी, मृतदेह अशा पायऱ्या चढून रुग्णापर्यंत जाणारे मोनीझ येथे एकही पायरी न चढता थेट रुग्णापर्यंत पोहोचले. पहिल्या वीस रुग्णांचा अहवाल त्यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केला: सात बरे झाले, सात सुधारले, सहांमध्ये फरक पडला नाही. शस्त्रक्रियेनंतर या रुग्णांना फारच थोडा काळ पाहिले गेले होते. शांत झालेला माणूस बरा झाला आहे की केवळ मंद आणि उदासीन झाला आहे, याचा कसून तपास झाला नव्हता. ज्यांच्याकडून हे रुग्ण आले होते, त्या सोब्राल सिद या लिस्बनमधील मनोविकारतज्ज्ञांना हे निष्कर्ष पटले नाहीत आणि त्यांनी आणखी रुग्ण देण्यास नकार दिला. तो नकार हा थांबण्याचा इशारा होता. या वेळी मोनीझ थांबले नाहीत.

ही शस्त्रक्रिया देशोदेशी पसरली. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन यांनी ती डोळ्याच्या खोबणीतून हत्यार घालून करण्याइतकी झटपट केली. हजारो माणसांवर ती झाली. काहींचा प्रक्षोभ शमला, हे खरे. पण पुष्कळांची उमेद, जिव्हाळा, स्वतःचे निर्णय घेण्याची शक्ती कायमची गेली, काहींचे प्राणही गेले. त्यांतील अनेकांची संमती कोणी विचारली नव्हती. आणि याच शस्त्रक्रियेसाठी १९४९ मध्ये मोनीझ यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. स्वित्झर्लंडचे वॉल्टर हेस त्यात सहमानकरी होते. पोर्तुगालचे ते पहिले नोबेल मानकरी ठरले. तीनच वर्षांनी मनोविकारांवर औषधे उपलब्ध होऊ लागली आणि ही शस्त्रक्रिया हळूहळू मागे पडली.

व्यक्ती म्हणून मोनीझ धैर्यवान होते. १९३९ मध्ये एका मनोरुग्णाने त्यांच्यावर त्यांच्याच तपासणीच्या खोलीत गोळ्या झाडल्या. त्यातून ते वाचले आणि पुन्हा कामाला लागले. १३ डिसेंबर १९५५ रोजी लिस्बन येथे त्यांचे निधन झाले. आवांका येथील त्यांच्या घरी आज संग्रहालय आहे. अखेरपर्यंत त्यांनी आपल्या शस्त्रक्रियेचे समर्थनच केले. ज्या वीराचे नाव त्यांनी धारण केले होते, तो मोडलेल्या शब्दाचा जाब देण्यासाठी स्वतः होऊन पुढे गेला होता. मोनीझ यांच्या हातून जे नुकसान झाले, त्याचा जाब मात्र त्यांच्या मागून आलेल्या पिढ्यांनी मागितला.

त्यांनी दाखविलेली पाहण्याची वाट पुढे रुंद होत गेली. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई आणि तारेच्या साहाय्याने, चिरफाड न करता धमनीत नळी घालण्याची युक्ती काढली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला आणि मेंदूच चित्रात दिसू लागला. नंतर एमआरआय आले. मज्जारज्जू आणि मणक्यांमधील चकत्याही स्पष्ट दिसू लागल्या. तरीही मेंदूतील फुग्यावर किंवा अडकलेल्या गुठळीवर उपचार करताना डॉक्टर आजही धमनीत द्रव्य सोडून पडद्यावर रक्ताची वाट पाहतात. पद्धत सुधारली आहे, तत्त्व १९२७ चेच आहे.

या स्मरणिकेच्या वाचकांत कोणी डॉक्टर असतील, कोणी परिचारिका, कोणी क्ष-किरण तंत्रज्ञ, कोणी शिक्षक. काहींची मुले उद्या या वाटांनी जातील. मोनीझ यांच्याकडून त्यांनी काय घ्यावे? पंचेचाळिशीनंतरही नवे काम आरंभता येते, अधू हातांनीही सहकाऱ्यांच्या साथीने मोठे कार्य उभे राहते, हे तर घ्यावेच. पण त्याहून महत्त्वाचे हे, की एकाच माणसाच्या दोन कामांत एवढे अंतर पडले, ते बुद्धी कमी-जास्त झाल्यामुळे नव्हे. एका कामात त्यांनी स्वतःच्या कल्पनेवर संशय घेतला, मृत्यूपुढे थांबून कारण विचारले. दुसऱ्या कामात कल्पनेवर विश्वास ठेवला आणि विचारणाऱ्याचे ऐकले नाही. जगाचा सर्वोच्च सन्मान दुसऱ्या कामाला मिळाला. माणसांचे प्राण आजही पहिले काम वाचवीत आहे.